आईला वाचून दाखवलेली भुतं

गुरुवारी पावणेबाराच्या सुमाराला, जावक रजिस्टरात एका पत्राचा नंबर लिहिता लिहिता रागिणीनं वडिलांचा फोन घेतला. देवराव सहसा ऑफिसच्या वेळात फोन करत नसत. पस्तीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या ड्यूटीची जाण होती. "कामात हाय का?" त्यांनी विचारलं. "बोला ना, बाबा." "काही नाही. शनिवारी येशीन तं मेथीच्या दोन जुड्या घेऊन येजो. इकडची मेथी कडू निघून राहिली म्हणते तुही माय." रागिणी "हो" म्हणाली. फोन ठेवला गेला. पेन रजिस्टरावर तसंच टेकलेलं होतं आणि निळ्या शाईचा ठिपका कागदात पसरत होता. आई जाऊन दहा महिने झाले होते. शेजारच्या टेबलावरच्या भावनानं मान वर करून विचारलं, "काय झालं, मॅडम?" तर ती म्हणाली, "काही नाही, घरून मेथी आणायला सांगितली." आणि हे खरंच होतं. वडिलांचा आवाज इतका रोजचा होता की क्षणभर तिच्या मनात अमरावतीच्या राजकमल चौकातली भाजीवाली येऊनही गेली होती. तो ठिपका टिपकागदानं टिपताना तिला आपल्याच मनातली एक गोष्ट दिसली आणि तिची तिलाच लाज वाटली. वडिलांचं काही बिघडलं असेल ही काळजी नंतर आली. आधी आला तो मत्सर. आई आली, आणि ती त्यांच्याकडे आली.

देवरावांकडे भूत येणं हे सूर्य पश्चिमेला उगवण्यासारखं होतं. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव मोर्णा नदीत सोडले होते, आणि देवांबरोबर भुतंही गेली असं देवराव मानत. पातूरला पोस्टमन असताना त्यांच्या वाटेवर एक ओसाड घर होतं. तिथं कोणी सून जळून गेली होती, म्हणून लोक दुपारी बाराला तिकडून जात नसत. देवराव मुद्दाम बाराला त्या घराच्या ओट्यावर बसून डबा खात. एकदा त्यांनी रागिणीलाही सायकलच्या दांडीवर बसवून तिथं नेलं होतं. नऊ वर्षांची होती ती. भाकर तोडून तिच्या हातात देत ते म्हणाले, "दिसलं का काही? नाही ना? जे नाही ते नाही. मानसाले खोटं बोलून धीर देऊ नये आन् खोटं बोलून भेवही दाखवू नये." तिला त्या वेळी भीती वाटली नव्हती, थोडी निराशाच झाली होती. उघड्या दारातून आत एक मोडकी खाट दिसत होती आणि त्या खाटेवर कोणीतरी बसलेलं असावं असं तिला फार वाटत होतं. वडिलांना ती हे कधीच सांगू शकली नाही. त्यांच्या घरात ज्या फळीवर जाड जाड वैचारिक पुस्तकं होती, तिथं भुताखेतांच्या कादंबऱ्यांना जागा नव्हती. "शिकल्या मानसानं हे वाचू नये," ते म्हणत, आणि या वाक्यावर घरात कधी चर्चा होत नसे.

त्या कादंबऱ्या घरात आणल्या त्या आईनं. लीलाबाई दुसरी शिकलेल्या. जोडाक्षर आलं की अडत, म्हणून वाचनाच्या फंदात पडत नसत. पण पातूरच्या एसटी स्टँडवर एका खोक्यात भाड्यानं पुस्तकं मिळत, त्यांच्या मुखपृष्ठांवर हिरव्या डोळ्यांच्या बाया असत, विहिरीतून वर येणारे हात असत, आणि बाजाराच्या दिवशी लीलाबाई पिशवीच्या तळाशी, वांग्यांच्या खाली, त्यातलं एक घालून आणत. शाळा सुटून रागिणी घरी आली की चार वाजायचे. देवराव सहाला येत. मधले दोन तास स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलेलं असे. रागिणी पिढ्यावर बसून वाचत असे आणि लीलाबाई दाण्याचं कूट करत, नाहीतर ज्वारी निवडत ऐकत. त्या मुकाट्यानं कधी ऐकत नसत. "थांब," त्या म्हणत. "एवढ्या मोठ्या घरात ते बाई एकटी राहते, मंग झाडू कोण मारते?" किंवा, "तिचा नवरा तिले हिरीत ढकलते, तं तिच्या मायले कोणी कळवलं का नाही?" पुस्तकात तसं काही लिहिलेलं नसे. मग रागिणी आपल्या मनानं जोडून सांगायची, की माहेरी तार गेली होती, भाऊ आला होता, पण गाडी चुकली. लीलाबाई मान हलवत. त्यांना भुताची भीती वाटत नसे. भूत होण्याआधी त्या बाईचं काय झालं, हे त्यांना हवं असे. रागिणीला मात्र भीती हवी असे. मानेवरून गार काही सरकत जावं, पुढचं पान उलटायला हात तयार नसावा आणि तरी उलटावं, आणि हे सगळं होताना समोर आई असावी, तिच्या बांगड्यांचा आवाज असावा. तसली भीती नंतर तिला कुठंच मिळाली नाही. सहाच्या आत पुस्तक तांदळाच्या डब्यामागं जात असे. देवराव हातपाय धुऊन चहा मागत, आणि दोघी मायलेकी एकमेकींकडे न बघता कपबशा काढत.

लग्न होऊन ती अमरावतीला आली. देवरावांनी अकोल्याला डाबकी रोडकडे दोन खोल्यांचं घर बांधलं. वाचन फोनवर सुरू राहिलं. कुलदीप, तिचा नवरा, तिवशाच्या शाळेत मास्तर होता आणि घरी यायला त्याला साडेसहा व्हायचे. त्यामुळं चारची वेळ तिला ऑफिसच्या गच्चीवर जाऊन चोरता येई. पंधरा मिनिटं, कधी वीस. पंधरा मिनिटांत तीन पानं होत, कारण लीलाबाईंचे प्रश्न वय वाढलं तसे वाढत गेले होते. त्यांना आधीचं आठवत नसे. "हा कोण म्हणली तू? हा तर मेला होता ना?" मग आधीचं सांगावं लागे. मग रागिणीची बढती झाली, साहेब चारलाच बैठक लावू लागले, आणि एका दिवाळीत तिनं आईसाठी नवा मोबाईल घेतला. त्यात गोष्टी ऐकवणारं एक अ‍ॅप घालून दिलं, कानात घालायच्या वायरी दिल्या. "हे बघ, हे बटण दाबलं की सुरू. एक गोष्ट संपली की आपोआप दुसरी. दिवसभर ऐक." लीलाबाईंनी दोन दिवस ऐकून फोन केला. "चांगलं वाचते तो मानूस. आवाज मोठा भारी हाय. पण मांगं वाजंत्री कायले पाह्यजे?" रागिणी हसली. "आन् त्याले काही इचारलं तं तो सांगत नाही ना." यावरही रागिणी हसली होती. तिला आठवत होतं ते हसणं. तिच्या हातात तेव्हा एक फाईल होती, आणि ती फाईल कशाची होती हेसुद्धा तिला आठवत होतं. त्यानंतर आईनं कधी तक्रार केली नाही. विचारलं की म्हणायची, "आयकतो ना. रोज आयकतो." चारचा फोन बंद झाला तो तसाच.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी लीलाबाई जेवून आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. देवराव त्यांना चहासाठी हाक मारायला गेले, तेव्हा कानातली एक वायर निघून उशीवर पडली होती आणि तिच्यातून बारीक आवाजात कोणी बोलत होतं. देवरावांना फोन बंद करता येईना. त्यांनी रागिणीला आपल्या जुन्या फोनवरून कळवलं, तेव्हा मागं ते चालूच होतं. वडील सांगत होते, "तुही माय गेली," आणि त्यांच्या पाठीमागं एक भारदस्त पुरुष सांगत होता की हवेलीच्या तिसऱ्या मजल्यावरचा दिवा आपोआप पेटला. देवराव रडले नाहीत. विहारातली माणसं आली, वंदना झाली, सगळं त्यांनी ताठ मानेनं केलं. तेराव्या-चौदाव्याचं कोणी काढलं तर म्हणाले, "आमच्यात नसते." फक्त मोबाईल रागिणीच्या हातात देताना एकदाच म्हणाले, "हे असं आयकत होती का ते?" रागिणीनं मान हलवली. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. तिनं मात्र पुढचे कितीतरी महिने स्वतःला विचारलं: त्या शेवटच्या गोष्टीत आईला कुठं थांबवायचं होतं? काय विचारायचं होतं? तिनं ती गोष्ट शोधून तीन वेळा ऐकली. प्रत्येक वाक्यानंतर आईचा प्रश्न जिथं आला असता तिथं तो माणूस न थांबता पुढं जात होता.

शनिवारी बडनेऱ्याहून गाडीत बसल्यावर तिनं पिशवीतलं पुस्तक काढलं. आई गेल्यापासून तिचं वाचन वाढलं होतं आणि बदललं होतं. आधी ती भिण्यासाठी वाचायची, आता पत्ता शोधल्यासारखी वाचत होती. मेलेली माणसं कशी येतात? आधी गारवा येतो, की वास? आरशात दिसतात की पाठीमागं? शेकडो पुस्तकांनी तिला सांगितलं होतं की ज्याचं काही राहून गेलं आहे ते परत येतं, आणि आईचं तर राहून गेलं होतंच. मूर्तिजापूर गेलं तरी तिचं एक पान उलटून झालं नव्हतं. अकोल्याला घरी पोचली तेव्हा दार आशाबाईंनी उघडलं. शेजारच्या गल्लीतली ही विधवा बाई दिवसभर देवरावांजवळ असे, स्वयंपाक करी. तिनं चौकटीतच हळू आवाजात सांगितलं, "काका पंधरा दिवसांपासून बोलून राह्यले काकूंसंगं. तुमाले सांगू का नोको असं झालतं." आत टेबलावर दोन कप होते. एक रिकामा, एक भरलेला, त्यावर साय धरलेली.

"हा कोणाचा?" रागिणीनं विचारलं.

"तुह्या मायचा. आत हाय ते. येईनच."

तिनं त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. त्यांचे दोन्ही हात धरले. "बाबा, आई नाही आहे. आई नोव्हेंबरात गेली."

"नोव्हेंबरात?" देवराव म्हणाले. मग, "आन् मले कोणी सांगतलं नाही?"

"तुम्हीच होता, बाबा. तुम्हीच मला फोन केला."

एखादं टपाल आपल्या हातून भलत्याच घरी पडलं असावं तसे ते आपल्या तळहातांकडे बघत राहिले. "मातीले मी होतो?" त्यांनी विचारलं. "होता." आणि मग नोव्हेंबरात जे आलं नव्हतं ते रडू आलं. रागिणीनं वडिलांना रडताना पहिल्यांदा बघितलं. तोंड उघडं, आवाज नाही, खांदे हलत होते. रात्री ते जेवले नाहीत. रविवारी सकाळी दाढी करता करता स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "लीला, पाणी तापलं का?"

सोमवारी रजा काढून तिनं त्यांना डॉक्टरांकडे नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, त्यांना दर वेळी सांगत बसू नका, त्यांच्यासाठी ती बातमी प्रत्येक वेळी नवीच असते. फोनवर कुलदीपही हेच म्हणाला. रागिणीला ते समजत होतं. पण खोटं बोलून धीर देऊ नये हे तिला याच माणसानं शिकवलं होतं, त्या ओसाड घराच्या ओट्यावर, भाकर हातात देऊन. आता त्याच्याशीच खोटं बोलायचं म्हणजे त्याला आधीच मेलेला समजायचं, असं ती स्वतःला सांगत होती. पुढच्या शनिवारी तिनं पुन्हा सांगितलं, त्याच्या पुढच्या शनिवारीही. दुसऱ्यांदा ते चिडले, "तू खोटं बोलून राह्यली," म्हणाले आणि मग भिंतीवरचा लीलाबाईंचा हार घातलेला फोटो बघून खाली बसले. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं विचारलं, "लय तरास झाला का तिले?" तिनं नाही म्हणून सांगितलं. हे तिला ठाऊक नव्हतं; पण हे खोटं तिनं खोट्यात धरलं नाही.

तिसऱ्यांदा सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी चारला ती स्वयंपाकघरात पिढ्यावर बसली. आशाबाई घरी गेल्या होत्या, देवराव पडले होते. तिनं दार ओढून घेतलं आणि पिशवीतलं पुस्तक काढून मोठ्यानं वाचू लागली. आपला आवाज आईसारखा झाला आहे हे तिला वाचताना जाणवलं. फोनवर लोक फसत असत ते उगाच नाही. एक पान वाचलं. थांबली. दुसरं पान मुद्दाम चुकीचं वाचलं, मेलेल्या माणसाला जिवंत म्हणून वाचलं, म्हणजे आई टोकेल. फ्रिजची घरघर होत होती. बाहेर भंगारवाल्याचा भोंगा जवळ येऊन लांब गेला. गारवा नाही, वास नाही. सत्तेचाळीस वर्षांची एक बाई सुती साडीत घामाघूम होऊन रिकाम्या स्वयंपाकघरात पुस्तक वाचत होती, एवढंच तिथं होतं. आयुष्यभर जिनं भुतांवर जीव लावला तिच्या वाट्याला एकही नव्हतं. आणि तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून देवरावांचं हसणं आलं. हळू, खाजगी, तरुण माणसासारखं. ती धावत गेली. ते खाटेवर एका कुशीला वळून पायथ्याच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होते. "काय म्हणते आई?" तिनं विचारलं. आवाजात काय होतं कोण जाणे, ते दचकून गप्प झाले. पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. "काय म्हणते, बाबा? मला काही म्हणते का?" त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हा रागिणीनं त्यांना चौथ्यांदा सांगितलं. या वेळी हात धरले नाहीत. उभ्या उभ्याच सांगितलं, तारखेसकट, कोणत्या खाटेवर ते बोटानं दाखवून. सांगताना आपल्याला बरं वाटतं आहे हे तिला कळलं, आणि तरी ती वाक्य पूर्ण करूनच थांबली.

तो आठवडा तिनं अमरावतीत कसाबसा काढला. शुक्रवारी आशाबाईंचा फोन आला तो दुसऱ्याच कामासाठी, पण ठेवता ठेवता म्हणाल्या, "एक सांगू का, ताई? तुमी येता ना, त्या दिवशी काका सकायपासून बेचैन असते." रागिणीला वाटलं, वाट बघत असतील. तिनं ठरवलं, या वेळी काही सांगायचं नाही. नुसतं बसायचं. त्यांची नखं काढायची, पायाला तेल लावायचं. शनिवारी तिनं पहाटेची गाडी धरली, म्हणून आठलाच घरी पोचली. आशाबाई म्हणाल्या, "काका झोपून हाय. तुमी आल्या तं मी दळण घेऊन येतो," आणि डबा घेऊन गिरणीवर गेल्या. रागिणीनं चपला दाराशी काढल्या, स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. मागच्या दारातून ऊन आत आलं होतं. ती गॅसकडे तोंड करून उभी होती. मागं पावलं वाजली, आणि कोणी पिढं ओढून दाराशी बसलं.

"लीला," देवराव म्हणाले.

तिची मान वळत होती ती तिनं वळू दिली नाही.

"चहा टाकला का?"

"टाकला," ती म्हणाली.

"आज कोनता वार?"

तिनं आधणात साखर घातली. "शुक्रवार."

देवरावांनी सुस्कारा सोडला. "मंग उद्या येते ते."

"कोण?"

"ते बाई. तुले सांगतलं नाही मी, तू भेशीन म्हणून. दर शनिवारी येते. चांगल्या घरची दिसते. माह्यासमोर बसते, हात धरते, आन् मंग म्हणते, तुमची बायको मेली." त्यांनी पिढं थोडं पुढं सरकवलं. "दर येळी म्हणते. मांगच्या येळी तं तुह्या खाटेकडं बोट केलं."

आधण उकळून वर येत होतं. तिनं गॅस बारीक केला. "रागिणी असंन," ती म्हणाली. तिचे शब्द तिलाच दुरून ऐकू आले. "आपली रागिणी."

"रागिणी?" देवरावांच्या आवाजात किंचित राग होता. "रागिणी असं बोलीन का मले? रागिणी अमरावतीले हाय, तिले ऑफिस हाय. हे दुसरीच हाय. दिसते रागिणीसारखी." पुढचं त्यांनी फार हळू म्हटलं, पातूरच्या त्या ओट्यावर ज्यानं भाकर खाल्ली होती त्या माणसाला हे बोलायला जड जात असावं. "मी कोनाले भेलो नाही आजपावतो. तुले मालूम हाय. पण मले तिचं भेव लागते, लीला."

रागिणीनं चहात दूध ओतलं.

"उद्या आली ना ते, दार उघडू नोको."

"नाही उघडत," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. तुमी पडा. मी चहा आणते तिकडं."

पिढं सरकलं. पावलं खोलीकडे गेली, खाट करकरली. तिनं चहा कपात गाळला, पदर कपाळापर्यंत ओढून, मान खाली घालून तो त्यांच्या उशाशी स्टुलावर ठेवला. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते; समाधानानं "हं" म्हणाले. ती बाहेर आली, पिशवी उचलली, चपला हातात घेतल्या आणि त्या फाटकाबाहेर गेल्यावरच पायात घातल्या. गल्लीच्या तोंडाशी डोक्यावर पिठाचा डबा घेतलेल्या आशाबाई भेटल्या. "एवढ्यात निघाल्या? काका उठले का?"

"उठलेत. चहा दिला आहे." रागिणी त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "काल-आज कोण आलं होतं असं त्यांनी विचारलं, तर सांगा, कोणी आलं नव्हतं."